चार मिनिटं वीस सेकंद

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. मधे दोन-तीनदा लिहायला बसलो, चार ओळी टंकल्या आणि उडवून टाकल्या. पण दिवाळीत सगळे जमले तेव्हा मोठ्या मावशीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, "अरे, पण तू नेमकं करतोस तरी काय?" मागे कधीतरी मी 'नेटवर्कचं काम' असं उत्तर दिलं होतं. तेव्हापासून तिच्या मोबाईलची रेंज गेली की पहिला फोन मला येतो. (रेंज नसताना फोन कसा लागतो, हे मावशीला विचारायचं नसतं. :) ) तर मावशी, ही पोस्ट खास तुझ्यासाठी. थोडी तांत्रिक आहे, पण गोष्ट धडगावची आहे आणि त्यात आपली ताई आहे, त्यामुळे शेवटपर्यंत वाचशील अशी आशा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धडगाव म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण. सातपुड्याच्या पार आत. तळोद्याकडून चांदसैलीचा घाट चढून जायचं, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तो घाट बंद. उत्तरेला नर्मदा. गाव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पार, देऊळ आणि भोवती घरं असं येतं, तसं इथे नाही. डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले पाडे, आणि दोन पाड्यांच्या मधे एखादी दरी सहज. ताई तिथे एका निवासी शाळेत विज्ञान शिकवते. मुली बहुतेक पावरा आणि भिल्ल घरांतल्या. घरी पावरी किंवा भिली, शाळेत मराठी, आणि पुस्तकातली मराठी म्हणजे तिसरीच भाषा!

शाळेत गणिताच्या बाई एकच. दुसरी जागा रिकामी. आठवी ते दहावीच्या मिळून सहा तुकड्या. मग असं ठरलं की संध्याकाळी एक तास पायाभूत गणिताचा घ्यायचा (अपूर्णांक, गुणोत्तर, साधी समीकरणं, म्हणजे जिथे मुली अडकतात तेच) आणि तो सगळ्या तुकड्यांना एकदम दाखवायचा. एका वर्गात बाई शिकवणार, समोर कॅमेरा, एक छोटा सर्व्हर, आणि बाकी सगळीकडे पडदे. देणगीतून सामान आलं, बसवणारेही आले, बसवून गेले. शहरात असले प्रयोग पाहुणे आले की दाखवायला असतात. इथे दुसरा इलाजच नव्हता.

आता मावशी, जरा हिशोब. सहा वर्गांत सहा पडदे, आणि संगणक कक्षात वीस संगणक, तिथेही मुली बसतात. झाले सव्वीस. चांगलं चित्र हवं तर एका ठिकाणी सेकंदाला साधारण ४ मेगाबिट लागतात. प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवायची तर २६ गुणिले ४ म्हणजे १०४. सर्व्हरचं जुनं कार्ड १०० चं. म्हणजे सुरू होण्याआधीच संपलं. ह्या पद्धतीला युनिकास्ट म्हणतात. कोतवालाने प्रत्येक पाड्यावर चालत जाऊन तोच निरोप पुन्हा पुन्हा सांगावा, तसं. दुसरा मार्ग म्हणजे दवंडी. एकदाच ओरडायचं, ज्याला हवं त्याने आणि ज्याला नको त्यानेही ऐकायचं. हा ब्रॉडकास्ट. आणि तिसरा, मल्टिकास्ट. सर्व्हरने एकच प्रत सोडायची, ज्यांनी "मला हवं" असं कळवलंय त्यांच्यापुरत्या प्रती वाटेत काढायच्या, आणि ते काम सर्व्हरने नाही तर मधल्या स्विचने करायचं. ४ मेगाबिट निघतात, सव्वीस ठिकाणी पोचतात.

ही कल्पना स्टॅनफर्डच्या स्टीव्ह डिअरिंगची. तिचं प्रमाण कागदपत्र ऑगस्ट १९८९ चं, आणि त्यासाठी २२४ पासून २३९ पर्यंत सुरू होणारे पत्ते कायमचे राखून ठेवलेत. हे पत्ते कुठल्या यंत्राचे नसतात, गटाचे असतात. इंटरनेटवर हे कधी सर्रास चाललं नाही, आजही तुम्ही यूट्यूब बघता तेव्हा तुमची प्रत वेगळी येते. पण स्वतःच्या चार भिंतींतल्या नेटवर्कवर ते उत्तम चालतं... स्विचने मनावर घेतलं तर!

जाता जाता स्विचबद्दल एक आवडती गोष्ट. बाजारात आलेला पहिला इथरनेट स्विच १९९० चा, सात पोर्टांचा, आणि तो काढणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीचं नाव होतं 'कल्पना'. विनोद भारद्वाज यांनी बायकोचं नाव कंपनीला दिलं होतं. पुढे १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली आणि नाव गेलं. मला ते नाव राहायला हवं होतं असं फार वाटतं. असो.

तर स्विच हा मुळात निरीक्षणावर जगणारा प्राणी. कुठल्या पोर्टातून कोणत्या पत्त्याचं पाकीट आलं ते तो बघतो आणि लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी त्या पत्त्याचं काही आलं की बरोबर त्याच पोर्टात टाकतो, बाकीच्यांना त्रास नाही. पण गटाचा पत्ता कधीही पाठवणाऱ्याच्या रकान्यात येत नाही. गट बोलत नाही, गटाला फक्त बोललं जातं. त्यामुळे स्विचला गट कुठे बसलाय हे कळायला मार्गच नसतो, आणि न कळलेली गोष्ट तो सगळीकडे ओततो. म्हणजे मल्टिकास्ट म्हणून निघालेलं साध्या स्विचवर पुन्हा दवंडीच होतं.

त्यावर उपाय म्हणजे स्नूपिंग. शब्दशः, चोरून ऐकणं. एखाद्या यंत्राला गटात शिरायचं असलं की ते आयजीएमपी नावाच्या भाषेत एक छोटा निरोप पाठवतं, "मला ह्या गटाचं हवं". हा निरोप खरं तर राउटरसाठी असतो. स्विच मधल्यामधे तो ऐकतो आणि टिपून ठेवतो, सात नंबरच्या पोर्टाला हवंय, अकराला हवंय. मग तेवढ्याच पोर्टांत पाठवतो. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकून सगळ्यांचं भलं झाल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

आता ताईचा फोन. "चित्र गोठतं रे. बंद करून परत लावलं की चालतं, मग पुन्हा गोठतं." बसवून गेलेल्यांना तिने विचारलं होतं. त्यांनी फोनवरूनच सांगितलं की ते स्नूपिंग की काय ते बंद करून टाका. मी म्हटलं, थांब, बंद नको करू. किती वेळाने गोठतं? "ते मुलींनाच ठाऊक," ती म्हणाली, "त्यांनी ड्युटी लावून घेतल्यात."

ड्युटी म्हणजे काय तर सहा वर्गांत सहा मुली. प्रत्येक पडद्याच्या संगणकाशी एक. चित्र गोठलं की तिने प्रोग्रॅम बंद करायचा, परत उघडायचा. एका वर्गात उघडून भागत नाही, तिथलं तेवढंच सुरू होतं, हेही त्यांनी शोधून काढलेलं. संगणक कक्षात आणखी मजा, तिथे वीस जणी. म्हणजे बाई फळ्यावर समीकरण सोडवतायत आणि मुली गणित सोडून माऊसवर लक्ष ठेवून बसल्यात. नववीतल्या एका मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वहीच्या मागच्या पानावर वेळा लिहून ठेवल्या होत्या. ताईने तो कागद फोनवर वाचून दाखवला. चार मिनिटं वीस सेकंद. चार-एकवीस. चार-वीस. चार-बावीस.

मी फोनवरच हसलो, आणि ताई चिडली. पण खरं सांगतो, इतकी नेमकी तक्रार माझ्याकडे पुण्यातल्या मोठमोठ्या कंपन्यांतून कधी आलेली नाही. तिथे "नेट स्लो आहे" एवढंच येतं. चार मिनिटं वीस सेकंद म्हणजे २६० सेकंद, आणि २६० हा आकडा ह्या धंद्यातल्या माणसाला पाठ असतो. १२५ दुणे २५०, अधिक १०.

तो येतो कुठून? गटात शिरताना यंत्र स्वतःहून "मला हवं" म्हणतं. त्यानंतर मात्र ते आपणहून बोलत नाही. कुणीतरी दर १२५ सेकंदांनी सगळ्यांना विचारायचं असतं, "अजून कुणाला हवंय का?" आणि उत्तराला १० सेकंद द्यायचे. दोन फेऱ्या उलटल्या, वर १० सेकंद गेले, तरी उत्तर नाही, म्हणजे गेला असेल निघून, असं समजून स्विच त्या पोर्टाचं नाव काढून टाकतो. हे विचारायचं काम करणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. मोठ्या ऑफिसांत ते काम राउटर बिनबोभाट करत असतो, म्हणून तो असतो हे कुणाच्या लक्षातही येत नाही. शाळेत मल्टिकास्ट चालवणारा राउटर नव्हता. स्विचवर स्नूपिंग चालू, 'नाव नसलेला मल्टिकास्ट टाकून दे' हेही चालू, आणि विचारणारा कुणीच नाही! पडदा तिथेच, मुली तिथेच, डोळे लावून बसलेल्या. पण २६० सेकंदांत कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि उत्तर नाही म्हणून त्यांना नको आहे असं ठरलं.

हे मी ताईला समजावून सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या हजेरीपटासारखंच की." दिवाळीनंतर ह्या भागातली कितीतरी कुटुंबं कामाला खाली उतरतात. कुणी गुजरातेत, कुणी ऊसतोडीला. बरोबर मुलंही जातात. होळीला बरीचशी परत येतात, पण तोवर मुलगी तीन महिने गैरहजर. ताई दर पंधरा दिवसांनी त्या घरच्या कुणाला तरी गाठते. फोन लागला तर फोन, नाहीतर आठवडी बाजारात त्या पाड्यावरचं कुणी दिसलं की निरोप, "शाळेत यायचं आहे ना? नाव ठेवलंय." तिच्या मते निम्म्याहून जास्त मुली केवळ तेवढ्यामुळे परत येतात. त्यांना शाळा नको होती असं नव्हतंच. "पण हे काम कुणाच्या कामाच्या यादीत नाही," ती म्हणाली. मी त्यावर काही बोललो नाही.

मग सवड काढून गेलोच. काम फोनवरही झालं असतं, पण ताईला भेटून वर्ष झालं होतं. तळोद्याला जीपवाल्याने विचारलं, "धडगावले काय काम शे, भाऊ?" आता त्याला काय सांगणार. म्हटलं, बहिणीकडे.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. स्विचलाच क्वेरिअर केलं. त्यासाठी त्याला स्वतःचा एक पत्ता द्यावा लागला, कारण विचारणाऱ्याला पत्ता नसेल तर काही यंत्रं त्याचा प्रश्न मोजतच नाहीत. एकापेक्षा जास्त क्वेरिअर असले तर ज्याचा पत्ता सर्वांत लहान तो काम करतो, बाकीचे गप्प राहतात. मोठ्याने गप्प बसायचं आणि लहानाने विचारायचं, ही निवडणूक मला फार आवडते.

बसवणाऱ्यांनी सांगितलं तसं स्नूपिंग बंद करूनही चित्र सुरू झालं असतं, हे कबूल. तारांवर ४ मेगाबिट सगळीकडे सांडले तरी काही बिघडत नाही. पण शाळेपासून वसतिगृहापर्यंत तार नाही. तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर, वसतिगृह त्याच्या पलीकडे, म्हणून दोन डब्यांचा वायरलेस दुवा लावलाय. वायरलेसवर मल्टिकास्ट पोचल्याची पावती मागत नाही आणि सहसा सगळ्यांत हळू वेगाने जातं. जुन्या पट्ट्यात तो वेग सेकंदाला १ मेगाबिट इतका खाली असतो. त्यात ४ ओतले की दुवा तुंबणार, आणि वसतिगृहातून मुलींचे घरी फोन लागतात ते इंटरनेटवरूनच. त्यामुळे बंद करणं हा उपाय नव्हताच. एक बटण दाबून तक्रार मिटवायची आणि दुसरी कुणाच्या तरी गळ्यात टाकायची, हे आमच्या धंद्यात फार चालतं.

वसतिगृहाची एक वेगळीच तक्रार निघाली. तिथल्या अभ्यासिकेत एक पडदा होता, सव्वीसांच्या वरचा. त्यावर चार मिनिटंही चित्र येत नव्हतं. कधीच नाही. सगळ्यांनी धरून चालवलं होतं की पडदाच खराब आहे. खराब काही नव्हता. वसतिगृहात एक दुसरा छोटा स्विच, त्यावरही स्नूपिंग. तिथला संगणक "मला हवं" म्हणत होता, तो छोटा स्विच ते ऐकतही होता. पण ते पुढे कुणाला सांगायचं, हे त्याला माहीत नव्हतं! ज्या दिशेने प्रश्न येतो त्या दिशेला वरची यंत्रणा आहे असं स्विच समजतो आणि निरोप तिकडे पाठवतो. प्रश्नच कधी आला नाही, म्हणून निरोप तिथल्या तिथे. शाळेतल्या स्विचवर क्वेरिअर सुरू केल्यावर पहिला प्रश्न दुव्यावरून पलीकडे गेला, आणि अभ्यासिकेत चित्र आलं. तुटत तुटत, पण आलं. मग त्या दुव्यापुरतं मल्टिकास्टचं युनिकास्ट करायची सोय चालू केली. आता स्वच्छ दिसतं.

संध्याकाळी तासाला मागे बसलो होतो. बाईंनी विचारलं, "समजलं का?" पुढच्या बाकावरून एक "हो" आला आणि बाकी सगळा वर्ग शांत. मला आयजीएमपीची दुसरी आवृत्ती आठवली, १९९७ ची. तीही अशीच. प्रश्न आला की प्रत्येक यंत्र थोडा वेळ थांबतं, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी "हवं" म्हटलेलं कानावर पडलं तर आपण बोलत नाही. राउटरला तेवढं पुरतं, कारण त्याला फक्त कुणीतरी आहे का एवढंच हवं असतं. स्विचला ते चालत नाही, त्याला एकेक बाक हवा असतो. म्हणून स्विच एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर पडूच देत नाही. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर हे गप्प बसणंच काढून टाकलं, प्रत्येकाने आपलं उत्तर स्वतः द्यायचं. बाईंना हे सांगितलं. त्या हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून बाकागणिक विचारायला लागल्या म्हणे. तास दहा मिनिटांनी लांबलाय.

ही सगळी भानगड फक्त शाळेच्या पडद्यांपुरती आहे असं वाटत असेल तर मुंबईचं उदाहरण सांगतो. राष्ट्रीय शेअर बाजार आपल्याच आवारात ब्रोकरांचे सर्व्हर ठेवू द्यायचा, आणि प्रत्येक हालचालीची माहिती त्यांना पुरवायचा. २०१० ते २०१४ च्या काळात ती एकेकाला स्वतंत्र प्रत अशी, एकामागून एक जायची. जो आधी जोडला गेला त्याला आधी. फरक सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यांचा, पण तिथे त्याचेच पैसे होतात. पुढे चौकशा झाल्या. सेबीने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये आणि वर व्याज भरायला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली आणि पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल १०० कोटी भरायला लावले. कोण बरोबर ह्यात मी शिरत नाही. मला त्यातलं एवढंच सांगायचंय की २०१४ मध्ये तिथे मल्टिकास्ट आलं, आणि रांगेत पहिला उभा राहण्याचा मुद्दाच संपला. एक प्रत निघते, स्विच सगळ्यांना एकदम देतो. धडगावच्या सहा वर्गांत मागच्या तुकडीला चित्र उशिरा येत नाही ते त्याच युक्तीने.

निघायच्या आधी दोन्ही स्विचची मांडणी कायमची साठवून ठेवली, नाहीतर वीज गेली की सगळं मूळपदावर. आणि तिथे वीज जातेच. दोन वेळा मुद्दाम प्लग काढून परत लावून बघितला. एका कागदावर मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं: कुठला दिवा लागलेला असायला हवा, चित्र गोठलं तर आधी किती वेळाने गोठलं ते लिहून ठेवा, स्नूपिंग कुणीही बंद करू नका. शेवटच्या वाक्याखाली ताईने लाल पेनने दोन रेघा मारल्या.

सहा मुलींची ड्युटी गेली. त्यांतल्या दोघी म्हणे जरा नाराज आहेत, माऊस हातात असण्याचा मान गेला. वेळा लिहिणारीने मला विचारलं होतं की स्विच आत्ता कुणाकुणाची नावं धरून आहे ते बघता येतं का. येतं. तिला तो तक्ता उघडून दाखवला. गट, पोर्ट, आणि प्रत्येकासमोर उलटा मोजत जाणारा वेळ. २६०, २५९, २५८... १३५ च्या आसपास पोचला की प्रश्न जातो, उत्तर येतं आणि आकडा पुन्हा २६० वर उडी मारतो. ती बराच वेळ ते बघत उभी होती. जेवणाची घंटा झाली तरी हलेना. ताईने शेवटी हाक मारली, तेव्हा गेली.

वसतिगृहाच्या छोट्या स्विचला मात्र अजून बॅटरी नाही. होळीला वर येताना एक लहान यूपीएस घेऊन ये, असं ताईने बजावलंय. आणि भोंगऱ्या बाजार बघून जा, असंही.